अर्धव्यावसायिक बास्केटबॉल लीग कशी उभी करावी?

प्रश्न असा आहे: विभागात आठ चांगले क्लब आहेत, खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात, वर्षात दोन-तीन स्पर्धा होतात आणि बाकीचे महिने रिकामे जातात. थोडंफार मानधन देणारी नियमित लीग सुरू करायची तर कुठून सुरुवात करावी आणि पहिला खर्च कशावर करावा?

पहिला खर्च मोठ्या नावाच्या खेळाडूंवर करू नका, एवढं मी ठामपणे सांगेन. जाहीर केलेला सामना जाहीर केलेल्या वेळी झालाच पाहिजे. ही खात्री बसली की प्रेक्षक आणि प्रायोजक टिकतात. सलग दोन सामने रद्द झाले की खेळाडू पर्यायी बेत आखू लागतात, आणि तो हंगाम पुन्हा सावरत नाही. अमेरिकेतली सीबीए (कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन) १९४६ पासून चालत आलेली लीग होती. १९९९ मध्ये सगळे संघ एकाच मालकाच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २००१ मध्ये चालू हंगाम मध्येच थांबला. ती पुढे पुन्हा सुरू झाली, पण २००९ मध्ये बंद पडली. खेळाडू तिथे चांगलेच होते, त्यांच्या दर्जामुळे लीग थांबली नाही.

म्हणून आधी वेळापत्रक. आठ संघांची दुहेरी साखळी, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, तर ५६ सामने, प्रत्येक संघाला १४. आठवड्याला एक सामना धरला तर १४ आठवडे आणि सात वेळा बाहेरगावचा प्रवास. नोकरदार खेळाडूंना हे झेपत नाही. चौथ्या-पाचव्या प्रवासाला संघ सात-आठ जणांवर येतो. त्यापेक्षा शेजारच्या दोन-दोन संघांच्या चार जोड्या करा. एक जोडी दुसऱ्या जोडीच्या गावी जाते, शनिवारी एकाशी आणि रविवारी दुसऱ्याशी खेळते. चार जोड्यांची दुहेरी साखळी सहा शनिवार-रविवारांत संपते, त्यात प्रत्येक संघाचे १२ सामने होतात. जोडीदाराशी उरलेले दोन सामने एक हंगामाच्या सुरुवातीला आणि एक शेवटी ठेवा. म्हणजे १४ सामने आठ आठवड्यांत होतात आणि मुक्कामाचे प्रवास फक्त तीन.

याचा दुसरा फायदा पंचांच्या बाबतीत आहे. यजमान जोडीने एकच हॉल वापरला तर एका वेळी दोनच हॉल चालू असतात, म्हणजे पंचांचे दोन गट आणि टेबलावरचे, म्हणजे गुण व वेळ नोंदवणाऱ्यांचे, दोन गट पुरतात. चांगले पंच नेहमीच कमी असतात, त्यामुळे हा हिशोब संघांची संख्या ठरवण्याआधी करा. दोन सामन्यांच्या सुरुवातीच्या वेळांत अडीच तासांचं अंतर ठेवा. खेळ ४० मिनिटांचा असला तरी फाऊल, टाइमआऊट आणि १५ मिनिटांचं मध्यंतर धरून दोन तास सहज जातात. त्यात जादा पाच मिनिटांचा डाव आला, की पुढच्या संघाला सरावाची २० मिनिटं मिळत नाहीत. रविवारचे सामने सकाळी घ्या. सोमवारी कामावर जायचं असतं, आणि रविवारी संध्याकाळचा सामना असेल तर खेळाडू आधीच नाही म्हणतात.

मग अनामत रक्कम. पाच सामने हरलेला आणि बाद फेरीतून बाहेर पडलेला संघ शेवटचा प्रवास टाळतो, हा सगळ्यात नेहमीचा घोळ. यजमानाने हॉल घेतलेला असतो, पंच निघालेले असतात. म्हणून हंगामाआधी प्रत्येक संघाकडून त्याच्या पूर्ण प्रवासखर्चाएवढी अनामत घ्या. संघ आला नाही तर त्यातून यजमानाचं नुकसान भरून द्या. नियमाप्रमाणे ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू मैदानात उतरू शकले नाहीत तर सामना २०-० ने जातो. जिंकल्यावर दोन गुण, हरल्यावर एक आणि असा सामना सोडल्यास शून्य. हरूनही एक गुण मिळतो, म्हणून यायला कारण उरतं. संघाने मधेच माघार घेतली तर काय, हेही आधीच लिहून ठेवा. निम्म्यापेक्षा कमी सामने झाले असतील तर त्याचे सगळे निकाल रद्द, जास्त झाले असतील तर उरलेले सामने २०-०, हा मला योग्य वाटणारा मार्ग. गुण समान झाले तर आधी त्या संघांमधल्या आपसातल्या सामन्यांचे गुण, मग त्याच सामन्यांतला गुणफरक पाहायचा. हे नियम हंगामाआधी लिहिले तर कुणी भांडत नाही. अडचण आल्यावर लिहिले की प्रत्येक कलमात कुणाचा तरी फायदा दिसतो.

मानधन महिन्यावर न ठेवता सामन्यावर ठेवा आणि ते क्लबने नव्हे, लीगच्या खात्यातून द्या. क्लबचा प्रायोजक मागे हटला की सगळ्यात आधी खेळाडूंचे पैसे थांबतात. १२ जणांच्या चमूत बाहेरून आणलेले खेळाडू दोनच असावेत आणि नवी नोंदणी साखळीच्या मध्यावर बंद व्हावी. नाहीतर पैसेवाला क्लब बाद फेरीच्या आदल्या आठवड्यात नवा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) आणतो. परदेशी खेळाडू घेणार असाल तर त्याच्या आधीच्या राष्ट्रीय संघटनेचं लेटर ऑफ क्लिअरन्स (दुसरीकडे खेळायला हरकत नसल्याचं पत्र) हातात आल्याशिवाय त्याला उतरवू नका. लीगला तुमच्या संघटनेची मान्यताही आधीच घ्या, तिच्याशिवाय परवानाधारक पंच मिळणं अवघड जातं. दुखापतीचा विमा नोंदणी शुल्कातच घाला.

आता टेबल. इथे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. स्कोअरर, त्याचा सहायक, टायमर आणि शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारे २४ सेकंद मोजणारं घड्याळ) चालवणारा ऑपरेटर असे चौघं लागतात. त्यांत शॉट क्लॉकचं काम सर्वांत अवघड, आणि नेमकं तेच शेवटी सापडलेल्या मुलाला दिलं जातं. बचाव करणाऱ्याचा चेंडूला नुसता हात लागला की नवखा ऑपरेटर घड्याळ २४ वर नेतो. ताबा बदललेला नसतो, त्यामुळे आधीचीच वेळ पुढे चालायला हवी होती. शॉट रिंगला न लागता खाली आला आणि त्याच संघाने पकडला, तरी घड्याळ चालूच राहतं. रिंगला लागून त्याच संघाकडे आला तर १४, दुसऱ्याने ताबा घेतला तर २४. पुढच्या भागात, म्हणजे हल्ला चाललेल्या रिंगकडच्या अर्ध्या मैदानात, बचावाचा फाऊल होऊन थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं) मिळाला तर १४ किंवा त्याहून जास्त सेकंद उरलेले तसेच राहतात, १३ किंवा कमी असतील तर १४ होतात. ऑपरेटरला एक सवय लावा: चेंडू सुटला की नजर रिंगवर, आणि ताबा स्पष्ट दिसेपर्यंत बोट हलवायचं नाही. चुकून २४ झालेलं घड्याळ मागे आणायला सामना थांबवावा लागतो, आणि शेवटच्या दोन मिनिटांत असं झालं की दोन्ही प्रशिक्षक टेबलापाशी येतात. संगणकावर नोंद असली तरी कागदी स्कोअरशीट चालू ठेवा, आणि प्रत्येक क्वार्टरनंतर ती फलकाशी ताडून पाहा. शॉट क्लॉकचा आणि मुख्य घड्याळाचा भोंगा वेगळ्या आवाजाचा असावा.

हॉल पाहायला जाताना टेप बरोबर ठेवा. मैदान २८ बाय १५ मीटर, रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, चारही बाजूंना दोन मीटर मोकळी जागा. जुन्या हॉलमध्ये तीन गुणांची रेषा अजून ६.२५ मीटरवर आणि रिंगखालचा भाग समलंब आकाराचा सापडतो. हे २०१० मध्ये बदललं, आता ६.७५ मीटर आणि आयत लागतो. एक सुटी रिंग आणि फरशी पुसायला दोन मुलं ठेवा.

वाढवण्याची घाई मात्र नको. फिलिपिन्सची एमपीबीएल ही लीग २०१८ मध्ये १० संघांनी सुरू झाली आणि पुढच्याच हंगामात २६ वर गेली. तेवढ्या वेगाने पंच तयार होत नाहीत. ऑस्ट्रेलियातली एनबीएल१ ही लीग मला जास्त पटते. तिथे संघ प्रादेशिक गटांत खेळतात, लांबचा प्रवास गटविजेत्यांनाच पडतो आणि क्लबचे महिला व पुरुष संघ दोन्ही उतरतात. तुमच्या क्लबांत महिला संघ असतील तर त्यांचा सामना त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये आधी ठेवा. चेंडू मात्र वेगळा, त्यांना सहा नंबरचा आणि पुरुषांना सात नंबरचा.

उद्घाटनाच्या दोन आठवडे आधी एक पूर्ण सराव सामना घ्या, त्याच हॉलमध्ये, त्याच पंचांसह आणि त्याच टेबलासह. मधेच मुद्दाम शॉट क्लॉकची वीज बंद करा आणि स्टॉपवॉच व हाताने दाखवायच्या आकड्यांवर खेळ किती लवकर पुन्हा सुरू होतो ते पाहा.