धक्का रिकामा, तरी जहाज बाहेर का?

नकाशावर बंदराबाहेर चाळीस जहाजं, आत दोन धक्के रिकामे, तरी आपला कंटेनर घेऊन आलेलं जहाज सहा दिवस नांगर टाकून का उभं, आणि आणखी धक्के बांधले तर प्रश्न सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं जहाजावर होतो, नंतर ऑपरेशन्सच्या टेबलावर बसलो, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

रिकामा दिसणारा धक्का तुमच्या जहाजाच्या कामाचा असेलच असं नाही. तिथे पाण्याची खोली कमी असेल, क्रेनचा हात पुरत नसेल, किंवा तो कोळशाचा असेल. कंटेनर जहाजाची वेळ तर आधीच ठरलेली असते. वादळामुळे ती चुकली, तर मधे घुसायला मिळत नाही.

पण खरी गोम बहुतेक वेळा धक्क्याच्या मागे, यार्डात असते. यार्डात कंटेनर चार-पाच थरांत रचतात. तळातला हवा असेल तर वरचे तीन-चार आधी उचलून बाजूला ठेवावे लागतात, आणि यार्ड भरलेलं असेल तर बाजूला ठेवायलाही जागा नसते. ट्रेलर ताटकळतात, धक्क्यावरची क्रेन कंटेनर हवेत धरून खाली ट्रेलर यायची वाट बघते. जहाज दीड दिवसात सुटायचं ते तीन दिवस बसतं. अशा वेळी नवा धक्का बांधणं म्हणजे बुडाला बूच बसलेल्या नरसाळ्याचं तोंड रुंद करणं.

दुसरं, रांग सरळ रेषेत वाढत नाही. एकच धक्का, जहाजं अनियमित येणारी, प्रत्येकाला सरासरी एक दिवस लागतो असं धरा. धक्का 50 टक्के वेळ व्यापलेला असेल तर सरासरी थांबणं एक दिवस. 80 टक्क्यांना चार दिवस, 90 ला नऊ! धक्के जास्त असले की आकडे बरेच सौम्य होतात, पण वळण तेच. म्हणून ‘अजून 10 टक्के क्षमता पडून आहे’ असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला धडकीच भरते.

तिसरं कारण आमचंच. बल्क जहाजांत, म्हणजे कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजांत, बऱ्याच ठिकाणी आधी येईल त्याचा नंबर आधी. पोहोचल्यावर कॅप्टन तयारीची नोटीस देतो, त्यावरून लेटाइमचं, म्हणजे माल चढवायला-उतरवायला ठरवून दिलेल्या वेळेचं, घड्याळ सुरू होतं आणि ती वेळ संपली की पुढे डेमरेज, म्हणजे जहाजमालकाला द्यायची उशिराची भरपाई. मग सगळे पूर्ण वेगाने पळतात आणि नांगरावर उभे राहतात. वेग 10 टक्के उतरवला तर तेवढ्याच अंतराला साधारण 19 टक्के तेल वाचतं, पण नंबर जाईल म्हणून कुणी उतरवत नाही. नांगरावर उभं राहणं फुकटही नसतं आणि निर्धोकही नसतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलबाहेर 2007 च्या जूनमध्ये कोळशासाठी पन्नासहून जास्त जहाजं उभी होती, आणि 8 जूनच्या वादळात त्यातलं ‘पाशा बल्कर’ थेट किनाऱ्याला लागलं.

नकाशावरच्या ठिपक्यांवरही फार विसंबू नका. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांत नोव्हेंबर 2021 मध्ये आधीच्या बंदरातून निघाल्याच्या वेळेवरून नंबर द्यायला लागले. जहाजं लांबूनच सावकाश येऊ लागली, किनाऱ्याजवळची गर्दी पांगली. रांग मात्र वाढतच राहिली. जानेवारी 2022 मध्ये ती 109 कंटेनर जहाजांवर गेली.

तेव्हा एजंटला ‘आपला नंबर कितवा’ एवढंच विचारू नका. यार्ड किती भरलंय, आपल्या धक्क्यासाठी पुढे असलेल्या जहाजांवर मिळून किती मूव्ह (कंटेनरची एकेक चढ-उतार) आहेत आणि ताशी किती होतायत, ते विचारा. समजा पुढे तीन जहाजं, मिळून 6000 मूव्ह, सगळ्या क्रेन धरून ताशी 75. झाले 80 तास. त्यात प्रत्येक जहाज लावण्या-काढण्याचे तास वेगळे. एजंटने दिलेली तारीख यापेक्षा अलीकडची असेल, तर उद्याच्या ईमेलमध्ये ती पुढे सरकलेली दिसेल.