आमचा 4 टीएमसी वाटा शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही? (शेतीपाणी : वाचकांचे प्रश्न)

या वेळी सीमाभागातून आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं नदीच्या पाण्याचीच आहेत, निपाणीपासून खानापूरपर्यंत. त्यातली चार घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : नमस्कार सर, आमचं गाव निपाणी तालुक्यात दूधगंगेच्या काठाला, चार एकर ऊस आहे. वर महाराष्ट्रात दूधगंगेवर काळम्मावाडी धरण आहे, त्यात आपल्या कर्नाटकाचा 4 टीएमसी वाटा आहे असं लहानपणापासून ऐकतोय पण एप्रिल आला की नदीत डबकी राहतात, मोटारी बंद, आणि कालव्याला पाणी आलं तरी आमच्या टोकाला येईस्तोवर संपतंय. आता गावात बोलणं चाललंय की आपल्या हद्दीतच वेगळं धरण बांधा आणि स्वतःचा कालवा काढा म्हणून मागणी करूया. हे होण्यासारखं आहे का?

उत्तर : दादा, आधी स्पष्ट सांगतो, नवीन धरणाच्या मागणीत तुमच्या पोरांची पण वर्षं जातील. धरणाला दरी लागते, पाणी अडवायला दोन्ही बाजूंनी डोंगर लागतो, आणि दूधगंगा-वेदगंगेचा डोंगर सगळा वरती राधानगरी-भुदरगडात आहे. तुमच्याकडं नदी सपाट काळ्या रानातून वाहते, तिथं भिंत घातली तर कारदगा, भोज, कुन्नूर, सिदनाळ हीच गावं पाण्यात जाणार, तसंही दर पावसाळ्यात तिथले बंधारे पाण्याखाली जाऊन रस्ते बंद पडतातच. दुसरं म्हणजे कृष्णा खोऱ्याचं पाणी आधीच वाटून झालंय. बच्छावत लवादाने 1973 ला निवाडा दिला, 1976 ला त्यावर पुढचा अहवाल आला, त्यात महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्रला 800 टीएमसी. त्यामुळं नवीन धरण बांधलं तरी त्यात साठणारं पाणी कर्नाटकाच्या त्याच वाट्यातून वजा होणार, वरून कोण जास्तीचं देणार नाही.

मग 4 टीएमसी म्हणजे किती ते बघा, कारण हा आकडा सगळे बोलतात पण डोळ्यापुढं येत नाही. 1 टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. धरणातून 1000 क्युसेक (सेकंदाला 1000 घनफूट) विसर्ग सलग साडेअकरा दिवस चालला की 1 टीएमसी होतो, म्हणजे 4 टीएमसी हे 1000 क्युसेकने साधारण 46 दिवसांचं पाणी झालं. शेताच्या हिशोबात सांगायचं तर 1 टीएमसी पाणी सुमारे 23 हजार एकरांवर एक फूट उभं राहतं. आता उसाला वर्षभरात पावसासकट पाच ते आठ फूट पाणी लागतं, तुमच्या भागात तर बांधापासून बांधापर्यंत ऊसच आहे, तेव्हा 4 टीएमसी सगळंच्या सगळं मिळालं तरी ते सगळ्या उसाला पुरणारं नाही, हे आपण शेतकऱ्यांनीच आधी मान्य केलं पाहिजे.

पण ते सगळंच्या सगळं मिळतंय का, हा खरा प्रश्न आहे आणि इथंच आपला जोर कमी पडतोय. धरणातून सोडलेलं पाणी दोन वाटांनी येतं, एक कालव्याने आणि एक नदीपात्राने. नदीने येणारं पाणी वरचे केटी (कोल्हापूर टाईप) बंधारे एकेक करून भरत येतं, दोन्ही काठाला हजारो मोटारी आहेत, आणि सगळ्यात शेवटी ते हद्दीवर पोचतं. तुमच्या गावाजवळचा एखादा बंधारा फेब्रुवारीत उभं राहून बघा. खांबांच्या खाचांत लोखंडी बरगे (फळ्या) एकावर एक बसवलेले असतात, रबराचं सील झिजलेलं असतं, मग लोक फटीत पोती, प्लास्टिक, चिखल कोंबतात आणि तरी खालून पाणी चुळचुळ वाहत असतं. आता हे गळलेलं पाणी खालच्या गावाला मिळतं म्हणून वाया गेलं असं म्हणता येत नाही, पण वरच्या गावाची मोटार उघडी पडते आणि मग वरचा माणूस पाणी सोडायला तयार होत नाही. भांडण सुरू होतं ते इथून. बरगे कधी घालायचे, कधी काढायचे, कोणत्या बंधाऱ्यात किती पातळी ठेवायची, हे दोन्ही राज्यांचे इंजिनिअर एकत्र बसून पावसाळा संपतानाच ठरवू शकतात, त्याला कोर्टही लागत नाही आणि लवादही लागत नाही.

त्यात धरणावर मागणी वाढतच चाललीय. कोल्हापूर शहराला थेट पाईपलाईनचं पाणी 2023 मध्ये पोचलं, इचलकरंजीसाठी सुळकूडची योजना आहे जिला कागल भागातल्या शेतकऱ्यांचाच विरोध आहे, आणि धरणाच्या गळतीचा विषय वेगळाच. पिण्याच्या पाण्याला आपण नाही म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. पण प्रत्येक नवीन योजनेबरोबर हद्दीवर पाणी किती येणार हे लिहून घेतलं नाही तर कमी पडेल ते शेवटच्या माणसाला पडेल, आणि या नदीवर शेवटचे आपण आहोत.

म्हणून माझं म्हणणं असं की गावाने मागणी धरणाची करू नये, मोजमापाची करावी. कालवा हद्द ओलांडतो तिथं रोज किती क्युसेक आलं याची नोंद असते, ती मागा. माहिती अधिकारात मिळते, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, तुम्ही कर्नाटकात राहता म्हणून महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याला अर्ज करता येत नाही असं काही नाही, भारताचा नागरिक असणं एवढंच लागतं. तेव्हा एक अर्ज तिकडं, एक अर्ज इकडं कर्नाटकाच्या पाटबंधाऱ्याचं काम बघणाऱ्या नीरावरी निगमला, दोन्हीकडून त्याच महिन्यांचे आकडे मागवा. धरणावरून निघालं किती, हद्दीवर आलं किती, तुमच्या फाट्याला किती, हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की गळती कुठं आहे ते कुणालाही दिसेल. आम्ही ते आकडे या पानावर छापू, नक्की पाठवा.

प्रश्न : आम्ही अथणी भागातले, माहेर जत तालुक्यात. दर उन्हाळ्यात इकडची कृष्णा आटली की कोयनेचं पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राला पत्रं जातात, आणि माहेरी पूर्व भागात टँकर, तिथले लोक कर्नाटकाकडं पाणी मागतात. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं मागतात तर अदलाबदल का होत नाही?

उत्तर : ताई, तुम्ही जे लिहिलंय ते मंत्र्यांच्या पातळीवर बोलून झालंय. 2019 च्या उन्हाळ्यात पाण्याच्या बदल्यात पाणी ही मागणी पुढं आली होती, महाराष्ट्राने कृष्णेत सोडायचं आणि कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर उपसा योजनेतून जतच्या पूर्वेकडच्या गावांना द्यायचं. नकाशा बघितला तर यात अडचण दिसत नाही, जतची ती गावं महाराष्ट्राच्या म्हैसाळ योजनेच्या टोकाला पडतात आणि कर्नाटकाच्या योजना त्यांना जवळ आहेत. कोयनेत 105 टीएमसी साठतं पण बच्छावत निवाड्यानुसार त्यातलं 67.5 टीएमसी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला परवानगी आहे, ते पाणी कोकणात उतरतं, परत कृष्णेत येत नाही. उरलेल्यावर सांगली-साताऱ्याचा उन्हाळा काढायचा असतो, म्हणून पत्र गेलं की तिकडं कुरकुर होते.

अडलंय ते राजकारणात. 2022 च्या शेवटी जतच्या 40 गावांवर हक्क सांगणारं वक्तव्य कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी केलं आणि पाण्याचा साधा व्यवहार हद्दीच्या भांडणात ओढला गेला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तिथं मराठी बोलणाऱ्याच्या आणि कन्नड बोलणाऱ्याच्या विहिरी एकाच महिन्यात आटतात. दरवर्षी मार्चमध्ये पत्रं पाठवण्यापेक्षा एकदाच कायमचा लेखी करार झाला पाहिजे, कोणत्या तारखेला कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याखाली किती सोडायचं आणि त्याच आठवड्यात जतकडं किती उचलायचं. तुमच्यासारखी दोन्हीकडं घर असलेली माणसं ही मागणी दोन्ही आमदारांकडं करू शकतात, तुमचं म्हणणं कुणाला एका बाजूचं म्हणता येणार नाही.

प्रश्न : मी खानापूरचा, सध्या बेळगावात नोकरी. कळसा कालव्याने म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवणार, हुबळी-धारवाडला जाणार असं सगळे म्हणतात. पाणी आमच्या तालुक्यातून जाणार, जंगल आमचं तुटणार, मग आम्हाला काय?

उत्तर : फार महत्त्वाचं विचारलंत. मलप्रभेचा उगम कणकुंबीत, कळसा नालाही तिथंच, नदी पुढं सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थ धरणात साठते. साडेसदतीस टीएमसीच्या आसपास क्षमतेचं ते धरण बऱ्याच वर्षी पूर्ण भरत नाही म्हणून म्हादईकडं नजर गेली. म्हादई लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं. त्यातलं 8.02 वीजनिर्मितीचं, कळसासाठी 1.72, शेजारच्या भांडुरा नाल्यासाठी 2.18, आणि राहिलेलं 1.50 टीएमसी म्हादई खोऱ्याच्या आतल्या गरजांसाठी.

ह्या शेवटच्या दीड टीएमसीबद्दल बोलताना कोणी ऐकलंय का? कर्नाटकातलं म्हादई खोरं म्हणजे मुख्यतः तुमचा खानापूर तालुकाच की. वळवायच्या पाण्यासाठी आंदोलनं झाली, बंद झाले, 2022 च्या शेवटी केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखडा मंजूर केला, पण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांना द्यायच्या पाण्याचा आराखडा कुठं आहे हे विचारणारा आवाज मला तरी ऐकू आला नाही. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र तिन्ही राज्यं सुप्रीम कोर्टात गेलीत, भीमगड अभयारण्य लागून असल्याने वन खात्याच्या परवानग्यांचा प्रश्न आहे, म्हणजे वेळ आहे अजून. कणकुंबी, जांबोटी भागातल्या ग्रामपंचायतींनी ठराव करून त्या दीड टीएमसीतून आमच्या गावांच्या नळयोजना आधी करा असं लेखी मागावं, कन्नडमध्ये एक प्रत आणि मराठीत एक. जंगलाचं म्हणाल तर माझं मत पक्कं आहे, घाटमाथ्यावरचं जंगल तुटलं तर मलप्रभेचा उगमच कमजोर होईल, मग वळवून आणलेलं पाणी ती तूट भरून काढण्यातच जाईल.

प्रश्न : कालव्याच्या फाट्यासाठी आमची 22 गुंठे जमीन जाणार म्हणून नोटीस आलीय. काय काय बघून घ्यावं?

उत्तर : नोटिशीची तारीख आधी बघा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर 60 दिवसांत लेखी हरकत घेता येते, ते दिवस चुकवू नका. आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबाराच) नावं बरोबर आहेत का बघा, वडिलांच्या नावावरच राहिलं असेल तर वारसा नोंद आत्ताच करून घ्या, पैसे अडतात ते इथंच. मोजणीला स्वतः हजर राहा आणि बोअर, जमिनीखालची पाईपलाईन, झाडं, गोठा हे सगळं पंचनाम्यात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम कायद्यातच आहे.

आणि कालवा गेल्यावर राहिलेल्या तुकड्याचं काय होणार तेही आजच विचारा, पलीकडं जायला मोरी किंवा पूल देणार का, तुमची पाईपलाईन कालव्याखालून न्यायला वाव ठेवणार का. अस्तरीकरण न केलेल्या कालव्याशेजारचं रान पाझराने चिबड होतं आणि पुढं क्षारपड होऊन बसतं, शिरोळ तालुक्यात जाऊन बघितलं तर पटेल. तेव्हा फाट्याला अस्तर आणि कडेने चर ह्या दोन गोष्टी हरकतीच्या अर्जातच घाला, काम सुरू झाल्यावर कंत्राटदाराला सांगून उपयोग होत नाही.