वळताना पुढून 'कट-कट' आवाज येतो, ड्राइव्हशाफ्ट गेला का?

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर बहुधा तेच. ड्राइव्हशाफ्ट म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारा दांडा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. कटकट वाढली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (ड्राइव्हशाफ्टचा चाकाजवळचा सांधा) झिजलाय. मग चाकाच्या आतल्या बाजूला बघा. रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) फाटून ग्रीस उडालेलं दिसलं, तर दुखणं तिथूनच सुरू झालंय: ग्रीस जातं, धूळ-पाणी शिरतं आणि जॉइंट झिजतो. आवाज येण्याआधी हे सापडलं असतं तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागलं असतं, म्हणून दुसऱ्या बाजूचा बूट आजच तपासा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरत असेल तर आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घ्या. आवाज वाढत असताना लांबच्या प्रवासाला मात्र कृपया निघू नका. जॉइंट तुटला तर इंजिन चालू राहतं, पण चाकांना ओढच मिळत नाही.