तीन हजारांचा फरक

प्रश्न : ताई, गणपतीच्या मीटिंगनंतर आमच्या सोसायटीत चहा पिता पिता विषय निघाला की बायकांना पगार कमी का मिळतो. मी एवढंच म्हटलं की त्या सोपे जॉब घेतात, सहाला पर्स उचलून निघतात, ओव्हरटाइम नको म्हणतात, मग पगार कमी असणारच. आणि १९७६ पासून कायदा आहे ना समान पगाराचा? बाई खरंच स्वस्त पडत असती तर कंपन्यांनी सगळ्या बायकाच नसत्या भरल्या का? तेव्हापासून दोन दिवस आमची ही नीट बोलत नाहीये. माझं चुकलं कुठे?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : दादा, वहिनी दोन दिवस बोलत नाहीयेत म्हणजे कारण एकटा पगार नसणार, ते तुमचं तुम्ही शोधा. बाकी तुमचं निम्मं बरोबर आहे. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या क्लॉडिया गोल्डिन बाईंनी दोन जणांबरोबर शिकागो युनिव्हर्सिटीतून एमबीए झालेल्यांचे पगार तपासले होते, तर नोकरीला लागताना पोरंपोरी जवळपास बरोबरीत आणि दहा-पंधरा वर्षांनी ही मोठी दरी, आणि ती बहुतेक सगळी कामाचे तास, मधला ब्रेक आणि कॉलेजातले विषय-मार्क ह्यातूनच निघाली. म्हणजे बॉस दुष्ट आहे एवढं म्हणून भागत नाही.

पण तुम्ही ज्याला चॉइस म्हणताय तो कुठे होतो ते बघा ना. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत घरकामाला बायकांची दिवसाला २८९ मिनिटं आली आणि पुरुषांची ८८, आणि ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची बरं का, जे सोफ्यावरून उठतच नाहीत ते ह्यात धरलेलेच नाहीत. सहाला पर्स उचलणारी बाई घरी जाऊन झोपत नाही हो, तिची दुसरी शिफ्ट सुरू होते.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे, पण आपोआप चालत नाही. आपल्या मुंबईतल्याच मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत लेडी स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता, ऑड्रे डिकोस्टा बाई भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९८७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. कोर्टाने हेही सांगितलं की कंपनीला परवडत नाही ही सबब चालायची नाही. कायदा आल्यावर अकरा वर्षांनी!

आता तुमचा स्वस्त बाईचा मुद्दा. मी महापे एमआयडीसीत अठरा वर्षं पेरोलला, म्हणजे पगाराच्या हिशोबाला, काढलीत, तिथला एक किस्सा सांगते, कंपनीचं नाव नको. एकाच आठवड्यात एक मुलगा आणि एक मुलगी जॉइन झाले, डिग्री तीच, टेबलं शेजारी शेजारी. फॉर्मवर 'अपेक्षित पगार' असा कॉलम होता, त्यात मुलाने २८ हजार लिहिलं आणि त्याला २५ मिळाले, मुलीने लिहिलं 'कंपनीच्या नियमानुसार' आणि तिला २२. पुढे दोघांना दरवर्षी दहा टक्के हाईक, अगदी सारखी, कोणी म्हणणार नाही की अन्याय झाला. दहा वर्षांनी तो ६४,८०० च्या आसपास आणि ती ५७ हजारांवर. तीन हजारांचे पावणेआठ हजार झाले की नाही? शिवाय पीएफ बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर, ग्रॅच्युइटीही बेसिकवर, म्हणजे फरक रिटायर होईपर्यंत सोबत. त्या पूर्ण फाइलमध्ये 'बाई आहे म्हणून कमी' असं कोणी कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि पहिला आकडा एक्सेलमध्ये टाकणारी मीच होते, तेव्हा मलाही काही खटकलं नाही. तर कंपनी बसून विचार करते की बाई स्वस्त पडते, असं सहसा होत नाही. उलट इंटरव्ह्यूत मनातल्या मनात धरून चालतात की ही लग्न करेल, सोडेल, नाहीतर २६ आठवडे सुट्टीवर जाईल, आणि त्या सुट्टीचा पगार ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नसेल तर कंपनीच्याच खिशातून जातो. म्हणून बायका भरायलाच हात आखडता.

वहिनींना विचारा त्यांनी पहिल्या नोकरीत किती मागितले होते. बोलायला लागतील बहुतेक.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला आयटीत आहे, मुलगी दोन वर्षांची. मॅटर्निटीवरून आले तर अप्रेझलला 'अॅव्हरेज'. क्लायंटचा कॉल रोज साडेसातला असतो, तो मी घेऊ शकत नाही कारण पाळणाघर साडेसातला बंद होतं आणि उशीर झाला की अर्ध्या तासाचे वेगळे पैसे. मिस्टर पण आयटीतच, ते त्यांचे कॉल घेतात, त्यांचं प्रमोशन झालं. आता दुसरीकडे इंटरव्ह्यू देतेय तर एचआरचा पहिला प्रश्न, करंट सीटीसी, म्हणजे आत्ताचं वर्षाचं पॅकेज, किती, तीन महिन्यांच्या स्लिपा पाठवा. काय सांगू?
— ऐरोलीची आई

उत्तर : अगं, तुझ्या पत्रात सगळा विषयच आला. गोल्डिन बाई ज्याला हावरी नोकरी म्हणतात ना, ती म्हणजे तुझा साडेसातचा कॉल. अवेळी जो हजर त्याला कामाच्या मानाने कितीतरी जास्त मिळतं, मग घरात लहान मूल असलं की दोघांपैकी एकाने तसली नोकरी धरायची आणि दुसऱ्याने पाळणाघर गाठायचं, हिशोबाने बरोबरच वाटतं ते, पैसे जास्त येतात घरात. फक्त पाळणाघर गाठणारी प्रत्येक घरात बाईच कशी निघते? डेन्मार्कसारख्या सगळ्या सोयी असलेल्या देशातसुद्धा पहिल्या बाळानंतर आईची कमाई बापाच्या तुलनेत साधारण वीस टक्के खाली येते आणि लांबवर तशीच राहते.

तर पहिलं काम घरात. आठवड्यातले दोन दिवस पाळणाघर मिस्टरांचं, त्या दोन दिवशी कॉल तुझा. 'मदत करतील' असं नको, ते दोन दिवस त्यांचेच, मुलीची बाटली विसरली तरी तू फोन करायचा नाही. अवघड आहे, माहितीये मला, मी स्वतः ठाणे स्टेशनच्या पुलावरून फोन करून भाजी काय करायची ते सांगायचे.

ऑफिसात दोन गोष्टी कर. रेटिंग कुठल्या महिन्यांचं धरलंय ते मेलवर विचार, तोंडी नको. सुट्टीचे सहा महिने तुझ्या टार्गेटमध्ये धरले असतील तर तिथेच बोट ठेवता येईल. आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं मॅटर्निटीच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायलाही लागतं. तुमच्याकडे ते नुसतं पॉलिसीच्या पीडीएफमध्ये आहे की खरंच कुठे आहे, विचारून बघ, एकटी नको, चार जणी मिळून.

आता सीटीसी. हा प्रश्न दिसायला साधा पण मागच्या कंपनीतला कमीपणा पुढच्या कंपनीत नेऊन ठेवणारा तोच. कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी आहे, आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून विचारणार आणि स्लिपा मागणारच. खोटा आकडा सांगू नकोस, पडताळणीत पकडतात. पण आधी तूच विचार, 'ह्या पोस्टचं बजेट काय?' मग अपेक्षा सांगताना ह्या कामाला बाजारात काय देतात तो आकडा सांग, करंटवर तीस टक्के असं अजिबात म्हणू नकोस, कारण करंटच कमी आहे ना तुझा. आणि बाजारात काय देतात ते कळायला बरोबरच्या मुलांना पगार विचारावा लागतो. आपल्यात पगार विचारणं म्हणजे अगदी काहीतरी अभद्र, लोक वय सांगतील पण पगार नाही, ह्या लाजेत फायदा कोणाचा होतो ते पेरोलवाल्यांना नीट माहिती असतं.

प्रश्न : मॅडम, २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी वाय पाटीलला वर्ल्ड कप फायनल बघितली, आपल्या मुली जिंकल्या, अजून अंगावर काटा येतो. मित्र म्हणतो की त्यांना मुलांइतकेच पैसे मिळतात. खरंय का?
— बी.कॉम.चा विद्यार्थी, कोपरखैरणे

उत्तर : मॅच फीपुरतं खरंय. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं, टेस्टला १५ लाख, वनडेला ६ आणि टी-ट्वेंटीला ३, बायका-पुरुष दोघांना. वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टचं वेगळं, तेव्हा पुरुषांच्या सर्वात वरच्या ग्रेडला ७ कोटी होते आणि बायकांच्या सर्वात वरच्या ग्रेडला ५० लाख. आणि त्या टेस्टच्या १५ लाखांचं म्हणशील तर मित्राला एक विचार, आपल्या मुलींना वर्षात टेस्ट किती खेळायला मिळतात?