हातातल्या टॅक्टिक्समध्ये गोष्ट नेमकी कुठे असते?

प्रश्न: मूळ ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा डावपेचांचा व्हिडिओ गेम संपवला आणि भारावून गेलो. मग हातात धरून खेळायच्या यंत्रांवरचे दोन भाग, गेमबॉयवरचा ‘टॅक्टिक्स ॲडव्हान्स’ आणि डीएसवरचा ‘ए-टू’, घेतले. दोन्हीकडे पोराटोरांची गोष्ट, तीसुद्धा शेकडो किरकोळ कामांत हरवलेली. या उपमालिकेची गोष्ट सांगायची पद्धतच अशी आहे, की माझं काही चुकतंय?

उत्तर: तुम्ही गोष्ट संवादांत शोधताय. ती बरीचशी खेळातल्या पबमधल्या कामांच्या यादीत पडलेली आहे. जरा लांबण लावतो, आणि शेवट फुटतील हे आधीच सांगून ठेवतो.

मूळ टॅक्टिक्स (1997, प्लेस्टेशन) ही बखर आहे. काही शतकांनंतरचा एक इतिहासकार जुनी कागदपत्रं उघडतो आणि म्हणतो, लोक ज्याला वीर समजतात तो डेलिता, पण खरं काम रामझाने केलं आणि त्याचं नाव पुसलं गेलं. गादीची भांडणं, धर्मपीठाचे डाव, मित्रांचे दगाफटके, सगळं बखरीच्या चालीचं. माणूस पडला की डोक्यावर तीनचा आकडा येतो, आकडा संपेपर्यंत उठवला नाही तर कायमचा गेला.

ॲडव्हान्स (2003) आणि ए-टू (जपानात 2007, बाहेर 2008) या कहाण्या आहेत. श्रावणात आजी सांगते त्या. आटपाट नगर, एकाला काहीतरी कमी, ते मिळतं, सोबत एक वसा येतो, वसा मोडला की गेलं. कहाणीत माणसं सपाटच असतात, राजाचं नावसुद्धा नसतं. तिच्याकडून बखरीसारखी गुंतागुंत मागितली तर ती पोरकट वाटणारच.

मी ॲडव्हान्स खेळलो तो आठवीच्या सुट्टीत, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी. मामेभावाने दुबईहून गेमबॉय एसपी आणला होता, उजेड असलेल्या पडद्याचा, म्हणजे लोडशेडिंगमध्ये माळवदावर झोपूनसुद्धा चालायचा. कार्ट्रिज मात्र शहरातल्या कुठल्याशा दुकानातलं, डुप्लिकेट. सेव्ह चार-पाच दिवस टिकायचा आणि एके सकाळी उघडलं की पाटी कोरी. त्या सुट्टीत मी सुरुवात सहा वेळा केली. बाहेर 44 अंश, घरात पंखा बंद, आणि हातात खेळाच्या सुरुवातीची बर्फाच्या गोळ्यांची मारामारी.

सहा वेळा केल्यामुळे ती सुरुवात किती बेतून लिहिली आहे ते मला कळलं, एरवी कळलं नसतं. ती शिकवणी आहे: चालायचं कसं, मागून मारलं तर नेम कसा चांगला लागतो. पण त्याच पाच मिनिटांत सगळी माणसं मांडून होतात. गावात नवीन आलेला मार्श. ज्याला सगळे चिडवतात तो म्यूट. आणि कुणाचं ऐकून न घेणारी रिट्झ. मारामारी संपल्यावर तुम्हाला कुणी भाषण देत नाही. म्यूटने एक जुनं पुस्तक आणलेलं असतं, ही पोरं आणि मार्शचा चाकाच्या खुर्चीतला धाकटा भाऊ डोनेड ते उघडून बसतात, आणि त्या रात्री गावाचं इव्हालिस नावाचं जादूचं जग होतं.

आता कोणाला काय मिळालं बघा. म्यूटची वारलेली आई राणी म्हणून परत आली, आणि बायको गेल्यावर खचलेला बाप सिड थेट न्यायाधीशांचा मुख्य झाला. डोनेड पायांवर उभा राहिला. रिट्झचे जन्मजात पांढरे केस, जे ती रंगवून लपवायची, इथे आपोआप लाल. मार्शला काय मिळालं? तो सिरिल शहरात पडतो, समोरच्या बांगाला (हा तिथला सरड्यासारखा दिसणारा वंश) ‘सरडा’ म्हणतो आणि मार खायची वेळ येते. मॉन्टब्लँक नावाचा मूगल, म्हणजे तिथल्या बुटक्या, केसाळ वंशातला एक, मध्ये पडतो म्हणून वाचतो. कहाणीत ज्याला वर मिळालेला नाही तोच ‘घरी चला’ म्हणू शकतो.

याच जागी वसा येतो. प्रत्येक लढाईत चिलखतातला जज उभा असतो आणि त्या दिवसाचे कायदे लागू असतात: आज आग नाही, आज तलवार नाही. मोडलात तर पिवळं कार्ड, जास्त केलंत तर लाल कार्ड आणि तुरुंग. खुद्द मार्शला लाल कार्ड मिळालं तर खेळ तिथेच संपतो. लोक या कायद्यांना शिव्या घालतात, मीही घातल्या आहेत, विशेषतः शेवटच्या घावाला कळतं की आज तलवार बंद होती तेव्हा. पण गोष्ट म्हणून हा फार हुशार बेत आहे. जज असताना कुणी मरत नाही, पडलेला लढाईनंतर उठतो. ‘जाग्ड’ नावाच्या भागांत जज नसतो, आणि तिथे लढाई संपताना जो पडलेला राहिला तो कायमचा जातो. म्हणजे जग लहान मुलांचं का वाटतं याचं कारण त्या जगातच दिलेलं आहे: एका मुलाने ते मागितलं, आणि त्याच्या बापाचे लोक ते सांभाळतात. जिथे त्यांचा हात पोचत नाही तिथे मूळ टॅक्टिक्स सुरू होतो. मी पहिल्यांदा जाग्डमध्ये दोन माणसं गमावली. त्या वेळी सेव्ह उडाला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता ती तीनशे कामं. पबमध्ये जायचं, थोडे पैसे मोजायचे, काम घ्यायचं. कुणाची वस्तू हरवली, कुणाला खाणीत जायला सोबत हवी, कुणाला माल पोचवून हवा. कितीतरी कामांत लढाई नसतेच. एक माणूस पाठवायचा, काही दिवसांनी तो यश किंवा अपयश घेऊन परत येतो आणि तुम्हाला चार ओळी वाचायला मिळतात. गोष्ट सांगायची ही रीत मला आमच्या एसटी स्टँडच्या चहाच्या टपरीसारखी वाटते. तिथे कुणी पूर्ण हकिगत सांगत नाही. ‘त्याची म्हैस सापडली का?’ ‘सापडली, पारोळ्याच्या बाजारात.’ झालं. मधलं तुम्ही भरून घ्यायचं. पबमधल्या अफवासुद्धा वाचत चला. नकाशावर गावं कुठे ठेवायची हेही तुमच्याच हातात दिलंय. इतक्या ठिकाणांहून माहिती येते की मुख्य कथेचे प्रसंग फक्त सांधे म्हणून उरतात. आणि हातातल्या यंत्राला ते शोभतं, वीस मिनिटांत एक काम आटोपून झाकण लावता येतं. काही कामं भरतीची आहेत हे मान्य. सगळी करू नका.

मार्शचा प्रश्न मात्र सोडता येत नाही. इव्हालिसमधल्या प्रत्येक वंशाचा एकेक स्फटिक आहे, घरी जायला मार्श ते फोडत जातो, आणि पाचही फुटले की हे जग मिटणार. म्हणजे डोनेडचे पाय परत जाणार, म्यूटची आई परत जाणार. नायकच सगळ्यांचं सुख मोडतोय. मार्श हाच खलनायक, यावर खेळणारे वीस वर्षं भांडतायत. आमच्या घरात ते भांडण त्याच सुट्टीत झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुई, म्हणजे आत्या, माहेरी आली होती. अंगणातल्या निंबाला झोका, दुपारी आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. फुई आल्यापासून झोक्यावरून उतरत नव्हती. मी खाटेवर खेळत होतो. आजीने विचारलं, काय करी ऱ्हायना रे. मी सगळी गोष्ट सांगितली, पुस्तकापासून स्फटिकापर्यंत. आजी म्हणाली, बरोबर आहे त्याचं, ‘त्यानी माय वाट दखत व्हई ना.’ त्याची आई वाट बघत असेल ना. झोक्यावरून फुई तडक म्हणाली, ‘हाऊ पोऱ्या वाईट शे. सगळासनं माहेर मोडी टाकं रे यानी.’ सगळ्यांचं माहेर मोडलं याने. आजी काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फुईची पिशवी भरली, बिबड्या, कुरडया, आंबे, आणि मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो.

मला त्या दोघींपैकी कुणाचीही बाजू पूर्ण घेता येत नाही, आणि लिहिणाऱ्यांनाही घेता आली नसावी. म्हणून ते डोनेडचा प्रसंग लिहितात. हा भाऊच मार्शची खबर शत्रूला देत असतो, कारण त्याला चालायचं आहे. मार्श त्याला गाठतो तेव्हा उपदेश करत नाही. तो कबूल करतो की घरात सगळं लक्ष आजारी भावाकडे जायचं आणि त्याला मत्सर वाटायचा. सरड्यावरून भांडण ओढवून घेणारा हा मुलगा इथे पहिल्यांदा स्वतःचं दुखणं सांगतो. या एका प्रसंगासाठी मी बाकी सगळा पोरकटपणा माफ करतो. म्यूटकडे असलं काही बोलायला कुणी नसतं. त्याच्याकडे लेडनार ट्वेम आहे, जो मार्शच्या मागे लागलेला असतो. म्यूट रँडेल हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटं लिहून बघा.

ए-टूबद्दल थोडक्यात, कारण तो हलका आहे आणि हलकाच राहू इच्छितो. लुसो नावाचा मुलगा सुट्टी लागायच्या दिवशी शिक्षा म्हणून शाळेचं ग्रंथालय साफ करायला जातो, एका पोथीची पानं कोरी दिसतात, तो त्यात आपलं नाव लिहितो आणि गायब होतो. इकडे तो सिड नावाच्या म्होरक्याच्या (हा म्यूटचा बाप नव्हे, वेगळाच) क्लॅनमध्ये, म्हणजे टोळीत, शिरतो, आणि जसजसे पराक्रम होतात तसतशी पानं भरत जातात. घरी जायचं आहे, पण घाई नाही. इथे परत जाणं हा वाद नाहीच, सुट्टी संपली की जायचंय एवढंच. जजही मवाळ झालाय: कायदा मोडला तर तो निघून जातो, बक्षीस बुडतं आणि पडलेल्याला त्या लढाईत उठवता येत नाही. ‘फायनल फँटसी बारा’मधले व्हान आणि पेनेलो इथे भेटतात, मॉन्टब्लँकही येतो, शिवाय त्याचा भाऊ हर्डी आहे, गाणी रचणारा. मला हर्डी आवडतो. क्लॅनच्या पराक्रमांची गाणी करणारा एक जण गटातच असावा, हा जुना शहाणपणा आहे, शाहिराशिवाय फौज कशी निघेल?

तर तुमच्या प्रश्नाला: नाही, तुमचं चुकलं नाही, तुम्ही बखरीनंतर लगेच कहाणी वाचायला घेतलीत. मधे महिना जाऊ द्या. 2025 मध्ये मूळ टॅक्टिक्सची नवी आवृत्ती आल्यापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, सगळ्यांना हेच सांगतो. ॲडव्हान्स आधी खेळा, पबमधल्या अफवा वाचा, डोनेडच्या प्रसंगापर्यंत तग धरा. मग ए-टू. आणि ए-टूमध्ये लुसोच्या शाळेतल्या ग्रंथपालाकडे लक्ष ठेवा. त्याचं आडनाव रँडेल आहे. खेळ पुढे काही स्पष्ट करत नाही, पण ती पोथी त्याच्याच ग्रंथालयात होती.

फुईला हे मागच्या आखाजीला सांगितलं. ती म्हणाली, कोण रँडेल?