लॉफ्टवरची पोयाक आणि ठाण्याचा मे महिना

प्रश्न : नमस्कार सर, माझे दीर फ्रान्सहून येताना बोर्दोच्या पोयाक गावची २०१६ ची रेड वाइन घेऊन आले, दोन बाटल्या. एक लगेच उघडली तर इतकी तुरट की तोंड आवळून आलं, हे म्हणाले खराब झालीये. दुसरी मागच्या गणपतीपासून लॉफ्टवर ठेवलीये. चार वर्षांनी लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हा उघडावी म्हणते, टिकेल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, आधी ती बाटली लॉफ्टवरून खाली काढा, आजच, बाकीचं नंतर वाचा.

पहिली बाटली खराब नव्हती हो, लवकर उघडली गेली. पोयाकच्या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष कॅबर्ने सोव्हिन्यों, साल जाड, आणि सालीतून बियांतून जे टॅनिन उतरतं त्याचाच तो तुरटपणा, कोऱ्या कडक चहाला असतो तसा. वर्षं जातात तसं हे टॅनिन एकमेकांना चिकटत जातं, थोडं गाळ होऊन तळाशी बसतं आणि चव मऊ होते. २०१६ हे बोर्दोचं खूप चांगलं वर्ष, म्हणजे थांबायचा तुमचा विचार बरोबरच आहे. पण हे सगळं तळघरातल्या १२-१३ डिग्रीला आणि अंधारात होतं, आपल्याकडे मे महिन्यात लॉफ्टमध्ये नुसता हात घालून बघा! उष्णतेने वाइन फुगते, बूच वर ढकललं जातं, हवा आत शिरते. मी स्वतः एक बर्गंडी, म्हणजे फ्रान्सच्याच बर्गंडी भागातली वाइन, खिडकीखालच्या कपाटात दोन उन्हाळे ठेवली होती, उघडली तर उकळलेल्या मनुकांचा वास, फळाचा ताजेपणा पार गेलेला, अजून वाईट वाटतं.

बूच वर आलंय का, मानेवर चिकट ओघळ आहे का बघा. नसेल तर १२-१४ डिग्रीचा वाइन कूलर असलेलं कोणी ओळखीचं शोधा आणि तिथे आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. साधा फ्रिज काही महिने चालेल, पण चार वर्षं नको, कोरड्या थंडीत बूच सुकतं. कूलरची सोय होत नसेल तर माझं स्पष्ट मत, पंचविसाव्याची वाट बघू नका, या दिवाळीतच उघडा.

आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ खाली बसू दे. मग काचेच्या जगमध्ये हळूहळू ओता, मानेमागे टॉर्च धरून, गाळ दिसला की थांबा, आणि तासभर तशीच राहू दे. रूम टेंपरेचर म्हणतात ते जुन्या फ्रेंच घरांचं, १६-१८ डिग्री, ठाण्याचं नव्हे, त्यामुळे ओतण्याआधी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये, तीही उभीच. सोबत मटण करा, त्यातल्या चरबीने आणि प्रोटीनने तुरटपणा बोथट होतो, फक्त तिखट हात राखून घाला कारण तिखटाने टॅनिन अजून बोचतं.

प्रश्न : बोर्दोच्याच सेंत एमिलियों गावच्या वाइनची बाटली उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. आमच्या उकाड्याने झालं का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : नाही, हा बुचाचा दोष. बुचात टीसीए नावाचं रसायन तयार झालेलं असतं, ते वाइनमध्ये उतरतं आणि अगदी कणभर असलं तरी फळाचा वास दाबून टाकतं. तब्येतीला धोका नाही, पण हवा देऊन किंवा ठेवून ती सुधारत नाही. बिल असेल तर बुचासकट दुकानात घेऊन जा, बदलून मागायला संकोच करू नका.