यीस्टवर प्रोजेक्ट करून काय मिळणार?

प्रश्न : मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीनंतर दोनदा 'नीट' दिली, दुसऱ्यांदा थोडक्यात हुकली. आता तिने 'यीस्टमधलं पेशीचक्र आणि पेशींचं विभेदन' असा प्रोजेक्ट घेतलाय. एका पेशीच्या जिवात कसलं आलंय विभेदन? कॉलेज सोडून तिने पूर्णवेळ 'नीट'चा क्लास लावावा, असं मी ठरवलं आहे. कोणता क्लास चांगला? – एक पालक

उत्तर : तुमचं मूळ पत्र दोन पानी आहे, इथे थोडक्यात दिलंय. त्यात 'मी ठरवलं आहे' तीनदा येतं. मुलीला काय हवंय, त्याबद्दल काहीच नाही. शेवटी फक्त 'हल्ली ती जेवताना बोलत नाही' एवढं. मला काळजी वाटली ती या वाक्याची. त्यामुळे क्लासचं नाव मी सांगणार नाही.

पदवी तोंडाशी आली असताना कॉलेज सोडायला लावणं चूक आहे. 'नीट'ला आता वयाची कमाल अट नाही, किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. तिला स्वतःला डॉक्टर व्हायचं असेल तर पदवी हातात घेऊनही परीक्षा देता येईल. पण हा 'तर' तुम्ही तिला विचारलाय का?

आता 'कसलं विभेदन' याबद्दल. पेशीचक्र म्हणजे पेशी वाढून तिच्या दोन होण्याची फेरी, आणि विभेदन म्हणजे पेशीने खास कामासाठी वेगळं रूप घेणं. बेकरीतल्या यीस्टला पोटभर खायला मिळालं की पेशी साधारण दीड तासात कळी फुटून विभागते. पण जवळच्या दुसऱ्या प्रकारच्या यीस्टपेशीचा फेरोमोन, म्हणजे मीलनाचा रासायनिक संदेश, जाणवला, की ती विभाजन थांबवते आणि मीलनासाठी त्या दिशेला नाक काढल्यासारखी वाढते. हे वाटेल तेव्हा होत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. पेशीचक्राच्या पहिल्या टप्प्यात 'स्टार्ट' नावाचा उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे संदेश आला, तर फार-१ हे प्रथिन चक्राला ब्रेक लावतं. उंबरठा ओलांडला असेल, तर चक्र चालवणारी 'सायक्लिन' नावाची प्रथिनंच फेरोमोनचा संदेश दाबतात. पेशी आधी हातातलं विभाजन उरकते. उपासमारीत चार बीजाणू तयार होतात, तिथेही विभाजन की विभेदन हाच झगडा. पेशी वाढत असते तोवर सायक्लिनं बीजाणू घडवणाऱ्या आयएमई-१ या मुख्य जनुकाला डोकं वर काढू देत नाहीत. आपल्या शरीरातही स्नायूपेशी घडताना विभाजन थांबावं लागतं, आणि कर्करोगात हाच ताळमेळ बिघडतो. 'स्टार्ट'ची कल्पना यीस्टवर काम करणाऱ्या लेलँड हार्टवेल यांची. २००१ मध्ये त्यांना पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासोबत नोबेल मिळालं. तेही वैद्यकशास्त्राचं, बरं का.

यातले नर्स शाळेच्या फ्रेंच परीक्षेत सहा वेळा नापास झाले. विद्यापीठाचा प्रवेश अडला म्हणून ते बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून राबत होते. शेवटी विद्यापीठाने फ्रेंचची अट सोडून दिली. (हे वाचून मुलीला सहाव्यांदा 'नीट'ला बसवू नका.)

एमएस्सीसाठी जॅम, गॅट-बी किंवा विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षा, पुढे पीएचडीसाठी नेट. हे तिच्या प्राध्यापकांना ठाऊक असेलच.

मात्र मी तुम्हाला संशोधन विकत नाहीये. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात, तोवर बरोबरीचे कमवायला लागलेले असतात, आणि पुढे कायम नोकरी मिळेलच असं नाही. पत्रात तुम्ही कर्जाचा ओझरता उल्लेख केलाय. खरी भीती ती असेल, तर तिला आकड्यांसकट सांगा. तेवीस वर्षांच्या मुलीला घरचा हिशेब कळतो. क्लासच्या आडून सांगितलेली भीती मात्र तिला फक्त अविश्वास वाटेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. ते तिने तुम्हाला दाखवलंच पाहिजे असं नाही.